चेहरा पाठवणाऱ्या चित्रकर्त्या : बाझल ते रोम

मंगळवार, बाझल

स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या कुन्स्टम्युझियम ह्या कलासंग्रहालयात बहुतेक लोक चित्रकार होलबाइनसाठी येतात. मी आले होते ए-फोर कागदापेक्षा जेमतेम मोठ्या असलेल्या एका ओकच्या फळीसाठी. तिच्यावर अँटवर्पच्या कॅटरिना व्हान हेमेसननं स्वतःला रंगवलंय आणि शेजारी लॅटिनमध्ये लिहूनही ठेवलंय : मी कॅटरिना, मी स्वतःला रंगवलं, १५४८, वय २०. ईझलसमोर बसून काम करणाऱ्या चित्रकाराचं, मग तो पुरुष असो की बाई, आज हयात असलेलं हे सगळ्यात जुनं आत्मचित्र मानलं जातं.

आधी दिसतात त्या बाह्या. लाल मखमलीच्या, जड. असल्या कपड्यात कोणी तेलरंगाला हात लावत नाही. म्हणजे हा कामाचा वेश नव्हे, हा दाखवायचा वेश आहे. पण हात मात्र खरे कामातले आहेत. डाव्या हातात पॅलेट, ब्रशांचा जुडगा आणि हात टेकवायची काठी. उजव्या हाताचं मनगट त्या काठीवर विसावलंय आणि ब्रशचं टोक फळीला टेकतंय. ईझलवरच्या त्या फळीवर अजून काहीच नाही, एका कोपऱ्यात नुसतं डोकं उमटलंय. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना आरसा देऊन स्वतःचा चेहरा काढायला सांगितलं की ती आधी डोळेच काढतात आणि मग कागद पुरत नाही. कॅटरिनानं डोकं कोपऱ्यात लहानसं काढून बाकीच्या शरीरासाठी जागा राखलीय. विसाव्या वर्षी एवढी शिस्त हातात होती, कारण वडील यान व्हान हेमेसन नावाजलेले चित्रकार आणि शिक्षण घरातलं.

ताई बाझललाच असते, प्रयोगशाळेत काम करते, आणि तिला भिंतीवरची माहिती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. ह्याच चित्राच्या आणखी दोन आवृत्त्या आहेत, एक सेंट पीटर्सबर्गला आणि एक केपटाउनला, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "स्वतःकडे ठेवायचं असतं तर एक पुरलं असतं की. तीन कशाला?"

तिचं म्हणणं मला पटलं, आणि पुढचा सगळा प्रवास मी तेच डोक्यात घेऊन केला. आपण ही चित्रं आत्मशोध म्हणून बघतो, बाई आरशासमोर बसून स्वतःला शोधतेय असं काहीतरी. मला वाटतं ती मुळात पाठवण्यासाठी काढलेली होती. कोणाला तरी, कुठे तरी, काहीतरी मिळवण्यासाठी. कॅटरिनाला पुढे हंगेरीच्या राणी मेरीचा आश्रय मिळाला आणि १५५६ साली ती नवऱ्यासह राणीबरोबर स्पेनला गेली.

बुधवार, मिलान

सकाळच्या गाडीनं निघालो. गोटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा संपला की पाट्या इटालियन होतात. दुपारी ब्रेरा हे चित्रसंग्रहालय गाठलं.

ब्रेरात सोफोनिस्बा अँग्विसोलाचं एक आत्मचित्र आहे, साधारण १५६० च्या सुमाराचं. गडद कपडे, पांढरी कॉलर, केस मागे घट्ट बांधलेले, अंगावर दागिन्यांचा झगमगाट नाही. डोळे मोठे आणि थेट. ती क्रेमोनाच्या सरदार घराण्यातली. जन्म १५३२ च्या आसपास, सहा बहिणींमध्ये थोरली, एक भाऊ. वडील आमिल्कारे चित्रकार नव्हते, पण त्यांनी मुलींना रीतसर शिकवणीला घातलं, सोफोनिस्बा आणि एलेनाला बेर्नार्दिनो काम्पी ह्या चित्रकाराकडे. आणि पुढे लेकीच्या नावासाठी त्यांनी जी पत्रं लिहिली, त्यांना तोड नाही. मायकेलअँजेलोला लिहिलं. दरबारांना लिहिलं. १५५८ साली कवी अन्नीबाले कारोनं आमिल्कारेंना कळवलं की मला तुमच्या मुलीचं तिनंच काढलेलं चित्र हवंय, म्हणजे एकाच वस्तूत दोन नवलं दाखवता येतील, चित्र आणि ते काढणारी.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सरदाराची मुलगी चित्र विकू शकत नव्हती, ते घराण्याला शोभलं नसतं. नग्न पुरुषाचा अभ्यास करायला बसणं तर कोणत्याच स्त्रीला मुभा नव्हती, आणि त्याशिवाय मोठी धार्मिक किंवा ऐतिहासिक चित्रं जमवणं अवघड. मग बसवायचं कोणाला? बहिणींना, भावाला, घरच्या दाईला आणि स्वतःला. सोफोनिस्बाची डझनभर तरी आत्मचित्रं आज ओळखली जातात. ड्यूरर आणि रेम्ब्रांट यांच्या मधल्या काळात कोणी स्वतःला इतक्यांदा रंगवलेलं नाही, असं अभ्यासक सांगतात. ही चित्रं विकली जात नव्हती, भेट म्हणून जात होती. १५५९ साली स्पेनच्या दरबारातून बोलावणं आलं आणि ती राणी इसाबेलची सखी म्हणून स्पेनला गेली, पगार, मानमरातब सगळ्यासह. तिच्या आधी तिचा चेहरा किती घरांत पोचला होता!

गुरुवार, क्रेमोना आणि बोलोन्या

क्रेमोनाला थोडाच वेळ थांबलो. हे गाव आता व्हायोलिनचं आहे, स्ट्राडिव्हारीचं, आणि चौकातला उंचच उंच विटांचा तोरात्सो मनोरा पाहून लोक पुढे जातात. १५६६ साली कलावंतांची चरित्रं लिहिणारा वासारी ह्याच गावात अँग्विसोलांच्या घरी आला होता आणि बहिणी बुद्धिबळ खेळतायत ते सोफोनिस्बाचं चित्र बघून लिहून गेला की त्या जिवंत आहेत, फक्त बोलायच्या बाकी आहेत. ते चित्र आता पोलंडमध्ये पोझनानला आहे.

गाडी बदलून संध्याकाळच्या आत बोलोन्या. इथल्या कमानींखालून चालताना पाऊस आला तरी छत्री उघडावी लागत नाही, आणि पाऊस आलाच.

बोलोन्यात जायचं होतं सान पेत्रोनिओ चर्चला. तिथल्या छोट्या संग्रहालयात प्रॉपेर्त्सिया दे रोस्सीचं संगमरवरी शिल्प आहे, १५२० च्या दशकातलं. बायबलच्या गोष्टीतली पोटीफरची बायको पलंगाच्या कडेवर बसून योसेफचा अंगरखा ओढतेय आणि तो पळतोय. वासारीनं १५५० सालच्या आपल्या ग्रंथात सगळ्या कलावंतांमध्ये एकाच बाईचं चरित्र दिलं, ते हिचं, आणि त्यात सांगितलं की ही बाई एका देखण्या तरुणाच्या प्रेमात होती, त्याला हिची पर्वा नव्हती, म्हणून तिनं स्वतःचंच दुःख ह्या दगडात कोरलं. तेव्हापासून हे शिल्प तिचं आत्मचित्र असल्यासारखंच वाचलं जातं.

मला हे पटत नाही, आणि शिल्पासमोर उभं राहिल्यावर आणखीच पटेनासं झालं. त्या बाईचा ओढणारा दंड बघा. खांद्यापासून कोपरापर्यंत ताण आहे, कापड मुठीत गोळा झालंय, आणि त्या ओढीनं योसेफच्या पाठीवरच्या चुण्या एका दिशेला तिरप्या झाल्यात. उठावशिल्पाच्या थोड्या जाडीत एवढा वेग कोरायला छिन्नीवर हुकमत लागते. पुरुषानं हेच कोरलं असतं तर आपण त्याच्या प्रेमभंगाची चौकशी केली असती का? प्रॉपेर्त्सियानं स्वतःचा चेहरा आपल्यासाठी ठेवलाच नाही. तो दुसऱ्यांनी तिच्यावर चढवला.

ह्याच गावातल्या मध्ययुगीन संग्रहालयात तिचं आणखी एक काम आहे. ग्रास्सी घराण्याचं मानचिन्ह, चांदीच्या तारेच्या नाजूक जाळीत बसवलेल्या फळांच्या कोयी, आणि कोयींच्या दोन्ही बाजूंना कोरलेल्या संतांच्या आकृती. ताई काचेला नाक लावून उभी राहिली. संत ओळखायला भिंगच हवं.

रात्री पालक आणि रिकोटा भरलेली टॉर्टेल्ली खाल्ली. आजूबाजूला सगळे मांसाचा सॉस ओरपत होते, पण वेटरनं आमची शाकाहारी अडचण सहज समजून घेतली.

शुक्रवार, फ्लोरेन्स

उफित्सी संग्रहालयाचं तिकीट आधी काढून ठेवा, हा सल्ला सगळेच देतात, मीही देते. इमारत वासारीनंच आखलेली. बोटिचेल्लीपुढची गर्दी पार करून आम्ही पहिल्या मजल्यावर उतरलो. तिथे २०२३ पासून आत्मचित्रांसाठी खास दालनं आहेत. संग्रहाची सुरुवात सतराव्या शतकात कार्डिनल लेओपोल्दो दे मेदिचीनं केली.

लाविनिया फोंताना ह्या चित्रकर्तीचं १५७९ चं आत्मचित्र तांब्याच्या गोल पत्र्यावर आहे, व्यास वीतभरही नाही. ती टेबलाशी बसलीय, हातात लेखणी, पुढे कोरा कागद. टेबलावर लहान पुतळे, मागे फळीवर आणखी नमुने. रंगाचं एकही भांडं नाही, ब्रश नाही. इथे ती विदुषी म्हणून बसलीय, जिच्याजवळ प्राचीन शिल्पांचा संग्रह आहे आणि जी रेखाटायच्या आधी विचार करते. पुतळ्यांचा अर्थही मला सरळ वाटतो : नग्न मॉडेल मिळत नाही ना, मग शरीर शिकायला हे आहेत.

हे चित्र मागवलं होतं अल्फोन्सो चाकोन ह्या स्पॅनिश डॉमिनिकन विद्वानानं, नामवंतांच्या चेहऱ्यांचा संग्रह करण्यासाठी. सोफोनिस्बाच्या पंगतीत आपल्याला बसवलं जातंय ह्याचा लाविनियाला अभिमान वाटला, तसं तिनं त्याला लिहिलंय. एका बाईनं वाट पाडली आणि वीस वर्षांनी लहान असलेली दुसरी त्याच वाटेचं नाव घेऊन पुढे आली. दोघींची गाठ पडण्याची गरज नव्हती. चेहरे आधीच फिरत होते.

मारिएत्ता रोबुस्ती, म्हणजे व्हेनिसचा चित्रकार तिंतोरेत्तो याची मुलगी, तिचं म्हणून ओळखलं जाणारं एक चित्रही उफित्सीत आहे. पांढऱ्या पोशाखातली तरुणी, हातात स्वरलिपीची वही, शेजारी वाद्य. ते खरंच तिच्या हातचं आहे का यावर एकमत नाही. मलाही ते हात आणि तो चेहरा एका हातचे वाटले नाहीत, पण माझ्या वाटण्याला इथे फार वजन नाही, एवढ्या गर्दीत दोन मिनिटं पाहून कोण काय ठरवणार.

दुपारी सांता मारिया नोव्हेल्लाच्या संग्रहालयात. हा माझ्यासाठी ह्या प्रवासातला सगळ्यात मोठा तास. प्लाउतिल्ला नेल्ली, १५२४ ते १५८८, डॉमिनिकन नन, मठात राहून चित्र शिकली आणि इतर नन्सना हाताशी घेऊन कामं केली. तिचं 'शेवटचं भोजन' जवळपास सात मीटर लांब आहे. ते शतकानुशतकं मठात होतं, मग दुर्लक्षात पडलं, आणि चार वर्षांच्या जतनकामानंतर २०१९ साली इथे लावलं गेलं. माणसं जवळपास खऱ्या आकाराची. टेबलावरचं कापड इस्त्रीच्या घड्यांसकट रंगवलंय. सॅलडची पानं आहेत, सोललेल्या शेंगा आहेत, कोकरू आहे. जेवण वाढायची सवय असलेल्या बाईनं मांडलेलं टेबल आहे ते, ह्याबद्दल मला शंका नाही.

वासारीनं १५६८ साली नेल्लीबद्दल लिहिलं की तिनं काढलेल्या बायकांचे चेहरे पुरुषांपेक्षा चांगले आहेत, कारण बायका तिला मनसोक्त बघायला मिळत होत्या, आणि पुरुषांसारखा प्रत्यक्ष पाहून रेखाटनाचा अभ्यास करता आला असता तर तिनं थक्क करणारी कामं केली असती. बरोबरच म्हणाला. पण तो अभ्यास नसतानाही तिनं तेरा पुरुष एका टेबलाशी बसवायचं धाडस केलं, हे मोठं आहे.

नेल्लीनं स्वतःचा चेहरा कुठे ठेवला, माहीत आहे? कुठेच नाही. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात वरती नाव आहे आणि खाली विनंती : हे काढणारीसाठी प्रार्थना करा. मठातली बाई आपला चेहरा पाठवू शकत नव्हती. तिनं नाव पाठवलं, आणि नावाबरोबर आपला धंदाही, चित्रकार बाई म्हणून. मी ते अक्षर शोधत मान वर करून उभी होते तेव्हा ताई शेजारी येऊन म्हणाली, "अगं, तुझ्या वर्गातली मुलं चित्राखाली नाव लिहितात तेव्हा किती मोठं लिहितात. हिनं किती बारीक लिहिलंय बघ." बारीक आहे खरं, पण वाचता येतं.

शनिवार, सिएना

बसनं सव्वा तास. पिनाकोतेका ह्या चित्रसंग्रहालयात आम्ही सोडून जेमतेम चारपाच माणसं.

इथलं सोफोनिस्बाचं चित्र १५५० च्या दशकाच्या अखेरचं, मीटरभर उंच. चित्रात तिचे गुरू काम्पी ईझलसमोर उभे आहेत आणि तिचं चित्र रंगवतायत. गुरू काळ्या कपड्यात, अंधारात, फक्त चेहरा आणि हात उजेडात. आणि ती मात्र कॅनव्हासवर भरजरी पोशाखात, गुरूंपेक्षा उंच आणि मोठी. दोघंही मान वळवून आपल्याकडे बघतायत.

ह्या चित्रावर बरंच लिहिलं गेलंय. कोणी म्हणतं हा गुरूंचा सन्मान आहे, मला यांनी घडवलं अशी कबुली. कोणी म्हणतं ती दाखवतेय की काम्पींच्या हातचं चित्र किती लाकडी होतं आणि काम्पींना मी किती जिवंत रंगवलं. मला दोन्ही एकदम खरं वाटतं, पण त्याहून पक्की एक गोष्ट आहे. काम्पी आपल्याकडे बघतायत ते का? चित्रकार आपल्या मॉडेलकडे बघतो म्हणून. म्हणजे मॉडेल जिथे उभी आहे तिथे, ह्या क्षणी, मी उभी आहे. सोफोनिस्बा कॅनव्हासवर आहे, कॅनव्हासच्या बाहेर माझ्या जागी आहे, आणि हे सगळं रंगवणारीही तीच आहे. गुरूंच्या हातात ब्रश आहे, पण तो ब्रश धरलाय तिनं.

जतनकामात रंगाच्या थराखालून आणखी एक डावा हात निघाला होता, वर उचललेला. तिनं आधी तो तसा काढला असावा आणि मग खाली आणला असावा. एवढा विचार झाला होता त्या हातावर. काम्पींच्या ब्रशपासून तिचा हात किती लांब ठेवायचा, हा तिच्यासाठी रचनेचा नुसता तांत्रिक प्रश्न नव्हता असं मला वाटतं.

ताई खाली बाकावर बसून राहिली. माझा निघायचा विचार नव्हता, शेवटी रखवालदारानं घड्याळ दाखवलं.

रविवारी फक्त प्रवास आणि रोममध्ये पाय मोकळे करणं.

सोमवार, रोम

त्रेवीच्या कारंज्यापुढची माणसांची भिंत ओलांडली की मिनिटभरात पालात्सो कार्पेन्या हा वाडा लागतो. इथे सान लुका अकादमी आहे. आत बोरोमिनीनं बांधलेला गोल वळणावळणांचा चढ आहे, पायऱ्यांऐवजी.

लाविनियाचं १५७७ चं चित्र इथे आहे. उफित्सीतल्या चित्राच्या दोन वर्षं आधीचं, आणि साधारण वहीच्या पानाएवढं. लाल पोशाख, लेसची कॉलर, दोन्ही हात वाद्याच्या पट्ट्यांवर. मागे मोलकरीण स्वरलिपीची वही घेऊन आलीय. वर लॅटिनमध्ये : प्रोस्पेरो फोंताना यांची कन्या, कुमारी लाविनिया हिनं आरशात पाहून आपला चेहरा उतरवला. त्याच वर्षी तिचं इमोलाच्या जान पाओलो झाप्पीशी लग्न ठरलं, आणि हे चित्र सासरच्यांना दाखवण्यासाठी गेलं असं मानतात. आपल्याकडे मुलीचा फोटो आणि माहितीचा कागद स्थळाकडे पाठवतात, अगदी तेच. गाणं येतं, घर चांगलं, कुमारी, अमक्यांची कन्या. सगळं ठरलेल्या साच्यातलं.

पण मागे पाहा. खोलीच्या टोकाला खिडकीशी ईझल उभं आहे. लहान, उजेडात, रिकामं. ते नसतं तरी सासर खूश झालं असतं. ते तिनं मुद्दाम ठेवलं, आणि ती केवळ शोभा नव्हती, लग्नाच्या करारातही तिचं काम धरलेलं होतं. हुंड्याच्या जागी तिची कमाई धरली गेली, जोडपं तिच्या वडिलांच्या घरी राहिलं, नवऱ्यानं तिच्या कामाला हातभार लावला. ११ मुलं झाली, त्यातली तिघंच तिच्यामागे जगली, आणि ती चित्रं काढत राहिली. पुढे रोमला येऊन पोपच्या दरबारासाठीही काम केलं. १६१४ साली इथेच गेली. उफित्सीतल्या तांब्याच्या पत्र्यावर तिच्या सहीत झाप्पी हे नाव आलंय. दोन वर्षांत नवऱ्याचं नाव जोडलं गेलं. पण दोन्हीकडे तिचं स्वतःचं नाव सर्वांत पुढे आहे.

ताईला मी अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदादबद्दल सांगितलं. दोघी विसाव्या शतकातल्या मुंबईच्या, दोघी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेल्या, दोघींचे वडील तिथले मोठे चित्रकार. चारशे वर्षांनंतरही मुलीला रंगाच्या खोलीत शिरायला बापाचाच दरवाजा सोयीचा होता. आमिल्कारेंसारखा चित्रकार नसलेला बाप तर त्याहून विरळा.

आता बाकी आहे ते व्हिएन्ना आणि पोलंडमधलं लान्सुट. व्हिएन्नात सोफोनिस्बाचं १५५४ चं आत्मचित्र आहे, हातात उघडं पुस्तक, त्यात सही आणि साल. लान्सुटच्या किल्ल्यात १५५६ चं, तिथे ती ईझलसमोर मरियम आणि बाळ रंगवतेय. ताईनं विमानतळावरच गाड्यांचं वेळापत्रक उघडलं. व्हिएन्ना सोपं आहे, लान्सुटला जायला क्राकोवहून पूर्वेकडची गाडी धरावी लागेल. मला आधी लान्सुटच हवंय. तिथे वाद्य नाही, पुस्तक नाही, मोलकरीण नाही, नुसती कामात असलेली चित्रकार आहे, आणि ते चित्र तिनं कोणाला पाठवायच्या विचारानं काढलं असेल ते मला समोर उभं राहून ताडून पाहायचंय.